मक्याच्या तेलाचा डबा आणि बंद पडलेली गोळी

इंदूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ५४ आहे. घरात पाच माणसे आहेत: त्या स्वतः, ५८ वर्षांचे यजमान, ८१ वर्षांच्या सासूबाई, मुलगा आणि सून. मार्च महिन्यात यजमानांच्या रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ समजले जाणारे कोलेस्टेरॉल १५८ निघाले, तेव्हा डॉक्टरांनी रोज रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि तेल-तूप कमी करायला सांगितले. त्यानंतर मुलाने ‘हृदयाला चांगले’ म्हणून मक्याच्या तेलाचा पाच लिटरचा डबा आणला. तेव्हापासून यजमानांनी गोळी घेणे सोडले आहे आणि घरी तळलेली सेव व कचोरी ते निर्धास्तपणे खातात. चहाबरोबरची खारी आणि पोळीवरचे तूप पूर्वीसारखेच चालू आहे. ‘मक्याला कुठे तेल असते का?’ असे म्हणून सासूबाई शेंगदाण्याच्या तेलाचा आग्रह धरतात, तर बडोद्याच्या नणंदबाई रिफाइंड तेल म्हणजे विष असल्याचे संदेश रोज मोबाइलवर पाठवतात. पूर्वी या घरात महिन्याला सहा लिटर सोयाबीनचे तेल आणि पाऊण किलो तूप लागत असे. मक्याच्या तेलाचा डबा मात्र १९ दिवसांत संपला. या भगिनी विचारतात, ‘मक्याचे तेल खरोखर गुणकारी आहे का? पुढचा डबा आणावा का? स्वयंपाक माझ्या हातात असल्यामुळे उद्या ह्यांना काही झाले तर बोल मलाच लागेल, म्हणून सर्वांत सुरक्षित तेल कोणते ते एकदाचे सांगा.’ ताजा कलमात त्यांनी आणखी विचारले आहे की, भुट्ट्याचा कीस तुपात करावा की तेलात?

ताई,

तुमचे तेलाविषयीचे प्रश्न मी दोनदा वाचले, पण मी थबकले ते अशा एका वाक्यापाशी, ज्याच्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्ह घातलेलेच नाही. ‘ह्यांनी मे महिन्यापासून गोळी सोडली आहे’ हे तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. तेलाचे आपण सविस्तर बोलणारच आहोत, पण कोणताही डबा आणण्याआधी या गोळीचा निकाल लागला पाहिजे. गोळीचे नाव तुम्ही कळवलेले नाही, तरी वर्णनावरून ती स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या गटातील असावी. या गटातील मध्यम मात्रेची गोळी एलडीएल साधारणपणे ३० ते ५० टक्क्यांनी उतरवते. तेल बदलल्याने होणारी घट त्याच्या जवळपासही जात नाही, आणि ती होण्यासाठीसुद्धा बऱ्याच अटी पाळाव्या लागतात. गोळीने यजमानांचे स्नायू दुखत असतील, पोट बिघडत असेल किंवा आयुष्यभर औषध घेण्याची भीती वाटत असेल, तर तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, कारण मात्रा कमी करता येते आणि औषधही बदलता येते. मात्र डब्यावरचे हृदयाचे चित्र पाहून औषध थांबवणे धोक्याचे आहे. हे वाचून झाल्यावर पहिले काम म्हणजे डॉक्टरांची वेळ घ्या आणि दोघे मिळून जा.

आता डब्याकडे वळू. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. पिशवीवर तसे छापलेलेही असते. पूर्वीचे महिन्याचे सहा लिटर पाच माणसांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज ३६ ग्रॅम तेल होते. मक्याचे पाच लिटर १९ दिवसांत संपले, म्हणजे माणशी रोज जवळजवळ ४८ ग्रॅम झाले. कढईत उरलेले आणि टाकून दिलेले तेल यातून वजा करा, तरी वाढ लपत नाही. एक ग्रॅम मेद म्हणजे नऊ कॅलरी, आणि हा हिशेब मक्याच्या तेलाला, शेंगदाण्याच्या तेलाला आणि साजूक तुपाला सारखाच लागू होतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘कमी करा’ असे सांगितल्यानंतर तुमच्या घरात रोज माणशी शंभरेक कॅलरी तेलातूनच वाढल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन हजार कॅलरींच्या आहारासाठी दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. हा आकडा तेल आणि तूप या दोहोंचा मिळून आहे. तुमच्या पाच जणांच्या कुटुंबाला या मापाने महिन्याला तेल-तूप मिळून चार किलोच्या आसपास पुरायला हवे.

हे गणित मी तुम्हाला दोष देण्यासाठी मांडलेले नाही. ‘चांगले’ असा शिक्का बसलेली वस्तू घरात आली की हात सैल होतो, हे मी इतक्या स्वयंपाकघरांत पाहिले आहे की आता त्याचे आश्चर्यही वाटत नाही. गूळ आला की साखरेचा हिशेब सुटतो आणि भाजलेला चिवडा आला की वाटीचा परातीत बदल होतो.

सासूबाईंची शंका मला आवडली, कारण ती अगदीच बिनबुडाची नाही. मक्याच्या सबंध दाण्यात तेल जेमतेम चार ते पाच टक्के असते, तर शेंगदाण्याचा जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो. म्हणूनच मक्याचे तेल घाण्यावर निघत नाही आणि त्यांच्या पिढीने ते पाहिले नाही. हे तेल दाण्याच्या बुडाशी असलेल्या अंकुरात साठलेले असते. मक्यापासून स्टार्च तयार करणाऱ्या कारखान्यांत दाणे भिजवून भरडताना अंकुर वेगळा निघतो. तो दाबून आणि विद्रावकाच्या, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या द्रवाच्या साहाय्याने तेल काढतात आणि नंतर त्यातील चिकट द्रव्ये, मुक्त आम्ले, रंग, वास आणि मेण काढून टाकून ते स्वच्छ, पातळ व जवळजवळ बेचव करतात. म्हणजे मुळात हे स्टार्चच्या धंद्यातील जोड-उत्पादन आहे. यात कमीपणा काही नाही, परंतु एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. भुट्टा पौष्टिक आहे म्हणून त्याचे तेलही तितकेच पौष्टिक असेल, असे मुलाने गृहीत धरलेले दिसते. दाण्यातील तंतू आणि प्रथिने तेलात उतरतच नाहीत, आणि दाण्याला पिवळा रंग देणारी, डोळ्यांना उपयुक्त अशी द्रव्येही शुद्धीकरणात बहुतांश निघून जातात. उरतो तो शंभर टक्के मेद, आणि त्याच्याबरोबर दोन-तीन गोष्टी थोड्या प्रमाणात.

त्या गोष्टी नगण्य आहेत असे मी म्हणणार नाही. शंभर ग्रॅम मक्याच्या तेलात संतृप्त मेद, म्हणजे तुपात भरपूर असणारा आणि एलडीएल वाढवणारा मेद, साधारण १३ ग्रॅम, एकअसंतृप्त २८ ग्रॅम आणि बहुअसंतृप्त ५५ ग्रॅम असतो. हा बहुअसंतृप्त मेद जवळजवळ सगळा लिनोलेइक आम्लाचा, म्हणजेच ओमेगा-६ गटातला असतो, आणि ते आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नसल्यामुळे अन्नातूनच घ्यावे लागते. मोठ्या चमचाभर, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम तेलातून दोन मिलिग्रॅमच्या आसपास ई-जीवनसत्त्व मिळते. सूर्यफुलाच्या तेलात ते याच्या दुपटीहून अधिक असते. मक्याच्या तेलाचे खरे वेगळेपण आहे ते त्यातील वनस्पतिजन्य स्टेरॉलमध्ये. हे पदार्थ रचनेने कोलेस्टेरॉलसारखेच असल्यामुळे आतड्यात त्याची जागा अडवतात आणि कोलेस्टेरॉलचे शोषण थोडे कमी करतात. नेहमीच्या रिफाइंड तेलांमध्ये मक्याचे तेल या बाबतीत वरच्या रांगेत बसते. तरीही प्रमाण लक्षात घ्या: एलडीएल आठ-दहा टक्क्यांनी उतरायला रोज सुमारे दोन ग्रॅम स्टेरॉल लागतात आणि चमचाभर तेलातून मिळतात ते शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम. दोन ग्रॅमांची भरती तेलानेच करायची म्हटले तर वाटीभर तेल प्यावे लागेल.

डब्यावर ठळक अक्षरांत ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापले आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. कोलेस्टेरॉल हा प्राणिज पदार्थांतला घटक आहे, त्यामुळे हा शब्द कोणत्याही वनस्पती तेलाला लागू पडतो. खोबरेल तेलावरसुद्धा तो खोटा ठरणार नाही, आणि त्यात तर संतृप्त मेद ८० टक्क्यांहून अधिक असतो. तेव्हा डब्याच्या दर्शनी बाजूपेक्षा मागच्या बाजूचे बारीक कोष्टक वाचण्याची सवय घरातल्या सर्वांनी लावून घ्यावी.

आता तुमच्या मूळ प्रश्नातील गृहीतकाकडे येते. ‘मक्याचे तेल गुणकारी आहे का?’ या प्रश्नात एक शब्द गळलेला आहे आणि तो म्हणजे ‘ऐवजी’. तेल गुणकारी ठरते की नाही हे ते ताटात कशाच्या ऐवजी आले यावर ठरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ साली मक्याच्या तेलाच्या वेष्टनावर हृदयविषयक मजकूर छापायला परवानगी दिली, त्याची शब्दरचना वाचण्यासारखी आहे. ‘अत्यंत मर्यादित आणि प्राथमिक स्वरूपाच्या पुराव्यांवरून’ असा तिचा प्रारंभ होतो. रोज सुमारे एक मोठा चमचा, म्हणजे १६ ग्रॅम, मक्याचे तेल घेतल्याने हृदयविकाराचा धोका कदाचित कमी होईल, असे ती सांगते आणि पुढे अट घालते की हे तेल तितक्याच संतृप्त मेदाच्या ऐवजी घ्यावे आणि दिवसभराच्या एकूण कॅलरी वाढू देऊ नयेत. तुमच्या घरात यातले काय घडले ते पाहा. मक्याचे तेल आले ते सोयाबीनच्या तेलाच्या ऐवजी. तूप आहे तिथेच आहे, खारी आहे तिथेच आहे आणि कचोरी तर वाढली आहे. सोयाबीनच्या तेलातही संतृप्त मेद पंधरा टक्क्यांच्या आसपासच असतो, त्यामुळे या अदलाबदलीतून यजमानांच्या रक्तवाहिन्यांच्या पदरात फारसे काही पडले नाही. उलट पोळीवरचे आणि भातावरचे मोठा चमचाभर तूप कमी करून त्या जागी तेवढेच तेल भाजीत वापरले असते, तर संतृप्त मेद सुमारे आठ ग्रॅमांवरून दोन ग्रॅमांवर आला असता. फायदा असतो तो या सहा ग्रॅमांत.

संशोधनाचा कौल काय आहे, हेही थोडक्यात सांगते, कारण तुमच्या मुलाने एक बाजू वाचली आहे आणि नणंदबाईंनी दुसरी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६८ ते १९७३ या काळात सहा मनोरुग्णालये आणि एक शुश्रूषागृह मिळून नऊ हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या लोकांच्या आहारातील संतृप्त मेद काढून त्या जागी मक्याचे तेल आणि त्या तेलाचे मार्गरिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचा पदार्थ, दिले गेले. त्यांचे कोलेस्टेरॉल सुमारे १४ टक्क्यांनी उतरले, पण मृत्यूंची संख्या मात्र कमी झाली नाही. या प्रयोगाची जुनी आकडेवारी शोधून २०१६ साली तिचे नव्याने विश्लेषण झाले, तेव्हापासून ‘मक्याच्या तेलाने माणसे मरतात’ अशा थाटाचे संदेश फिरू लागले. त्या संदेशांत हे नसते की रुग्ण सतत घरी सोडले जात असल्यामुळे बहुतेक जण त्या आहारावर वर्षभरही राहिले नव्हते, आणि रक्तवाहिन्यांचा आजार काही महिन्यांत घडत नाही की मोडतही नाही. दुसऱ्या बाजूला, २०१७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दीर्घकाळ आणि नीट चाललेले चार जुने प्रयोग एकत्र तपासून असा निष्कर्ष काढला की, संतृप्त मेदाच्या जागी बहुअसंतृप्त मेद घेतल्यास हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. गंमत अशी की, त्या चारपैकी तीन प्रयोगांत वापरलेले मुख्य तेल सोयाबीनचे होते. मक्याच्या तेलाने एलडीएल ऑलिव्ह तेलापेक्षा अधिक उतरते, असे दाखवणारा २०१५ सालचा एक अभ्यासही तुमच्या मुलाच्या वाचनात आला असेल. त्यात ५४ माणसे होती, त्यांना रोज चार मोठे चमचे तेल दिले गेले आणि खर्च मक्याचे तेल विकणाऱ्या कंपनीने केला होता. अशा अभ्यासाचे आकडे खोटे असतातच असे नाही. पण त्यावर पाच लिटरचा डबा घेऊ नये.

नणंदबाईंच्या संदेशांतला दुसरा मुद्दा ओमेगा-६ मुळे अंगात दाह वाढतो हा आहे. कागदावर ही साखळी पटण्यासारखी दिसते, परंतु माणसांना प्रत्यक्ष जास्त लिनोलेइक आम्ल देऊन केलेल्या नियंत्रित अभ्यासांत रक्तातील दाहाचे निदर्शक वाढलेले आढळले नाहीत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच की, मक्याच्या तेलात ओमेगा-३ जवळजवळ नसते, फार तर एक टक्का. म्हणून हे एकच तेल वर्षभर वापरणाऱ्या शाकाहारी घराने ओमेगा-३ ची सोय दुसरीकडून करायला हवी. आपल्या मराठी घरांत ती सोय पूर्वीपासून होती आणि तिचे नाव जवसाची चटणी. माळव्यात जवसाला अळशी म्हणतात आणि ती कोणत्याही किराणा दुकानात मिळते. भाजून, कुटून, जेवताना एक-दीड चमचा पुरे. रिफाइंड तेल हे विष आहे, या वाक्यावर मात्र मी नणंदबाईंशी सहमत होऊ शकत नाही. रिफाइंड तेल खराब होते ते बहुधा कारखान्यातून घरी आल्यावर, आपल्या कढईत.

कारण बहुअसंतृप्त मेद हा स्वभावानेच नाजूक असतो. मक्याच्या रिफाइंड तेलातून धूर निघू लागतो तो सुमारे २३० अंश सेल्सियसला, त्यामुळे एकदा तळण्याला ते चालते. मात्र तेच तेल गाळून ठेवून तीन-तीन वेळा तापवले की ते घट्ट आणि काळपट होते, फेसाळू लागते आणि त्यात शरीराला अपायकारक असे पदार्थ साठत जातात. व्यावसायिक तळणासाठी भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बिघाडाची, म्हणजे ध्रुवीय संयुगांची, मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि ती १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरात मोजण्याचे यंत्र नसते, म्हणून नियम साधा ठेवा: तळण झाल्यावर उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावे, पुन्हा तळणाला घेऊ नये आणि नव्या तेलात तर मुळीच मिसळू नये. यासाठी लहान कढईत, कमी तेलात, थोडे थोडे तळावे. पाच लिटरचा डबा शेगडीशेजारी ओट्यावर उघडा ठेवण्याऐवजी आठवड्यापुरते तेल स्टीलच्या झाकणाच्या बरणीत काढून घ्यावे आणि बाकीचा डबा अंधाऱ्या, थंड फडताळात ठेवावा.

सेवेविषयी स्वतंत्रपणे लिहिले नाही तर इंदूरच्या वाचकांना हे उत्तर अपुरे वाटेल. महाराष्ट्रातले पाहुणे ‘शेव’ म्हणतात आणि आपण ‘सेव’ म्हणतो. शिवाय आपण ती पोह्यांवर, भाजीत, वरणभातावर आणि काहीच नसले तर नुसतीही खातो. बाजारातील पाकिटांवरची कोष्टके पाहिली तर शंभर ग्रॅम सेवेत मेद ३५ ते ४० ग्रॅमांच्या आसपास असतो. म्हणजे पन्नास ग्रॅमांच्या एका वाटीने यजमानांच्या दिवसभराच्या २७ ग्रॅमांतले वीसेक ग्रॅम तिथेच खर्ची पडतात, आणि ती वाटी मक्याच्या तेलात तळली असेल तरी या हिशेबात काडीचा फरक पडत नाही. विकतची सेव असेल तर घटकांच्या यादीत पामोलीन लिहिले आहे का ते पाहा, कारण त्यात संतृप्त मेद चाळीस टक्क्यांच्या पुढे असतो. खारी आणि टोस्ट यांच्या यादीत वनस्पती तूप सापडण्याची शक्यता अधिक असते. मी यजमानांची सेव बंद करा असे सांगणार नाही. इंदूरमध्ये राहून तसे सांगणारा सल्लागार दुसऱ्या दिवशी कोणी वाचणार नाही. पोह्यांवर चिमूटभर, आणि नुसती वाटी भरून आठवड्यातून एकदा, एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. खारीच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे आले, तर मी ज्या ‘ऐवजी’विषयी लिहीत आहे ते आपोआप साधेल.

मग पुढचा डबा कोणता आणावा? माझा कल स्पष्ट सांगते. तुम्ही माळव्यात राहता. सोयाबीनच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था तुमच्याच शहरात आहे आणि सोयाबीनचे तेल तुमच्या घरात वर्षानुवर्षे येत होते. त्यात बहुअसंतृप्त मेद मक्याच्या तेलाइतकाच असून वर सहा-सात टक्के ओमेगा-३ असते, आणि ते बहुधा स्वस्तही पडते. अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०१७ साली सोयाबीनच्या तेलालाही तसाच सशर्त मजकूर छापायची मुभा दिली. तेव्हा केवळ हृदयासाठी म्हणून जास्त पैसे मोजून मक्याचे तेल आणण्याचे कारण मला दिसत नाही. मुलाला ते आवडत असेल, त्याचा वास नसणे सुनेला बरे वाटत असेल, तर खुशाल आणा. ते वाईट तेल नाही. फक्त पाच लिटरऐवजी एक लिटर आणा. सासूबाईंच्या शेंगदाण्याच्या तेलात एकअसंतृप्त मेद जवळजवळ निम्मा असतो आणि संतृप्त मेद १७ ते २० टक्के. फोडणीला आणि चटणीला त्याची जी चव येते ती दुसऱ्या कशाला येत नाही. सोयाबीन किंवा मका यांपैकी एक आणि शेंगदाणा, अशी दोन तेले आळीपाळीने किंवा पदार्थानुसार वापरली तर तिघांचेही म्हणणे राहते आणि पोषणाच्या दृष्टीनेही ते एकाच तेलाला चिकटून राहण्यापेक्षा बरे आहे. सासूबाईंच्या वरणभातावरचे चमचाभर तूप मात्र कोणी काढून घेऊ नये. ८१ व्या वर्षी त्यांचे जेवण मुळातच कमी झालेले असणार, आणि त्या चमच्याने घास गिळवत असेल तर तो चमचा त्यांचा आहे.

इथे एक सावधगिरी, इतर वाचकांसाठीही. घरात कोणी रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेत असेल, तर तेल बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. सोयाबीनच्या तेलात के-जीवनसत्त्व बरेच असते, मक्याच्या तेलात नाममात्र, आणि त्या औषधाची मात्रा के-जीवनसत्त्वाशी जोडलेली असते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील दुसऱ्या प्रकारचा मेद, वाढलेल्यांनी तेलाच्या ब्रँडपेक्षा जिलेबी, मैदा आणि मद्य यांकडे आधी पाहावे.

‘सर्वांत सुरक्षित तेल एकदाचे सांगा’ या वाक्यातला थकवा मला कळतो. पण ताई, त्याच्या आधीच्या वाक्याविषयी मला शंका आहे. स्वयंपाक तुमच्या हातात आहे म्हणून यजमानांचे कोलेस्टेरॉलही तुमच्याच हातात आहे, हे तुम्हाला कोणी सांगितले? रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा भाग यकृत स्वतः तयार करते आणि ते किती करावे यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. डबा मुलाने आणला, गोळी यजमानांनी सोडली, कचोरीची फर्माईश त्यांचीच आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात काय खाल्ले जाते ते तुमच्या कढईला ठाऊकही नसते. तुमच्या हातात आहे ती पळी. म्हणून महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटर तेल आणि अर्धा किलो तूप बाजूला काढून ठेवा आणि संपले की संपले, हे घरात सर्वांसमोर, शक्यतो मुलगा आणि सून जेवायला बसलेले असताना सांगा. तेलाचा हिशेब मुलाकडे द्या. डबा त्यानेच आणला आहे, तेव्हा कॅलेंडरवर तारखा लिहिणे त्याला जड जाणार नाही. फोडणीला पळी न वापरता चहाचा चमचा वापरा, म्हणजे एका भाजीला तीन चमचे म्हटले की पंधरा ग्रॅमांच्या आत राहाल.

यजमानांशी बोलताना गोळीचा आणि कचोरीचा विषय एकाच वेळी काढू नका. दोन्ही एकदम हिरावून घेतले जात आहे असे वाटले तर ते दोन्हींना नकार देतील. आधी गोळी. डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला सांगितल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी रक्ततपासणी होईल. तो कागद आणि मार्चचा कागद शेजारी ठेवून बोलणे सोपे जाईल. त्यांच्या रक्तदाबाचा आणि साखरेचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, तोही त्याच भेटीत विचारून घ्या, कारण १५८ या आकड्याचा अर्थ त्या दोन गोष्टींशिवाय पुरा लागत नाही.

राहिला भुट्ट्याचा कीस. पाच जणांसाठी सहा-सात कोवळे भुट्टे किसणार असाल तर दोन चमचे साजूक तूप घ्या. त्यात जिरे, हिंग आणि मिरची चांगली फुलू द्या, कीस मंद आचेवर परतून घ्या आणि एरवी जिथे तूप सुटेपर्यंत आणखी चमचे पडतात तिथे दुधाचा हबका मारून झाकण ठेवा. वरून कोथिंबीर, लिंबू आणि आवडत असेल तर ओले खोबरे घाला. तंतू, पिवळा रंग आणि दाण्याची गोडी हे मक्याचे जे काही चांगले आहे, ते या कढईत सबंध आहे, आणि त्यासाठी मक्याच्या तेलाची गरज नाही. सेव मात्र त्यावर घालू नका.